पंच्याऐंशी इंची थ्यानलू

माझा धाकटा भाऊ थ्यानलू आयुष्यभर सायकलींचे ब्रेक बनवायच्या कारखान्यात राबला. त्या एवढ्या वर्षांत त्याने कुठल्या गोष्टीचा कधी विचार केला असेल, असं मला तरी आठवत नाही. निवृत्त झाला आणि एकदम विचारवंत झाला. विषय एकच: टीव्ही केवढा घ्यायचा.

आमच्या युआनलिन गावात रविवारी लोक बाजारात जातात. हा टीव्हीच्या दुकानात जायचा. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन नाक लावायचा, मग मागे मागे सरकत फ्रिजांच्या रांगेत जाऊन धडकायचा. याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि विकणाऱ्या पोरीला विचारतो काय, तर काळा रंग पुरेसा काळा दिसतो का. घरी येऊन त्याने पुठ्ठे जोडून पंचाहत्तर इंचांचा एक आणि पंच्याऐंशी इंचांचा एक असे दोन टीव्ही कापले, भिंतीवर चिकटवले आणि सोफ्यावर बसून पुठ्ठ्याकडे बघत राहिला. सूयुनने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवायला तीनदा हाका मारल्या. शेवटी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, तुमच्या भावाला आता पुठ्ठाही पुरतो.

तो दंतवैद्य छेन, याचा शाळेतला मित्र, त्याच्याकडे पंचाहत्तरचा आहे. तेव्हा याला पंच्याऐंशीचाच हवा होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते यालाच. बैठकीची खोली केवढी, तर दोन स्कूटर उभ्या केल्या की संपली. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला दरवाजे. लांब भिंत एकच, आणि त्या भिंतीला पूर्वजांचा देव्हारा. त्यात आमच्या वारलेल्या बाबांच्या नावाची लाकडी पाटी.

आता आमच्या आईचं सांगते. गुडघे गेल्यापासून ती तळमजल्यावरच मागच्या खोलीत झोपते. सकाळी उठली की भिंत धरत देव्हाऱ्यापाशी येते, उदबत्ती लावते आणि बाबांना सगळ्या गल्लीच्या बातम्या देते. पेरू काय भावाने गेले, कोण आजारी आहे, सुनेने आज काय करपवलं. बाबा जिवंत असताना एवढं ऐकून घेत नसत. तिचा दिवस तिथून सुरू होतो.

थ्यानलूने ठरवलं, देव्हारा घराच्या सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर न्यायचा. पूर्वजांच्या डोक्यावरून कुणी चालू नये, सगळ्या चांगल्या घरांत देव्हारा वरच असतो, असं तो मला शिकवायला लागला. इतकी वर्षं याच्या पायाखाली कोण होतं, ते याला पडद्याचं माप घेतल्यावर कळलं. मी म्हटलं, अरे, आई चढणार कशी? तर म्हणतो, तिची उदबत्ती मी लावत जाईन. मी तोंड उघडलं, तशी त्याने मला आठवण करून दिली की लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरच्या पूर्वजांबद्दल बोलायचा हक्क नाही. मी गल्ली ओलांडून समोरच्या घरात राहते, पण हक्काच्या बाबतीत सातासमुद्रापार.

पण पूर्वजांना हलवायचं तर त्यांचा कौल घ्यावा लागतो. अर्धचंद्रासारख्या दोन लाकडी फोडी जमिनीवर टाकायच्या. एकीची चपटी आणि दुसरीची फुगीर बाजू वर आली की होकार, आणि असा होकार ओळीने तीनदा यायला हवा. थ्यानलूने विचारलं, बाबा, वर राहायला जाल का? दोन्ही फुगीर. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. दोन्ही चपट्या, म्हणजे उत्तर नाही, बाबा नुसते हसले. मला तर त्यांचं हसू ऐकूही आलं. तिसऱ्या दिवशी या शहाण्याने प्रश्नच बदलला. म्हणाला, बाबा, तुमचा तुमच्या थ्यानलूवर जीव आहे ना?

होकार आला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि हा नाचत फोनवर मित्रांना सांगतोय, बाबा तयार झाले म्हणून. मेल्याने बापाच्या मायेवर अंगठा उठवून घेतला.

आईने सगळं पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "मी त्यांना जे सांगते, ते तू सांगशील का?" थ्यानलू म्हणाला, सांगेन की. पेरूचा भाव त्याला स्वतःला ठाऊक नसतो.

पंचांग बघून, रीतीप्रमाणे पाटीवर छत्री धरून बाबांना वर नेलं. दुपारी टीव्ही आला. रविवारी बेसबॉलचा सामना होता, तेव्हा दंतवैद्य छेनला खास पहिल्या रांगेत बसवलं आणि बाकीचे मित्र सोफ्याच्या दोन्ही बाजूंना कोंबले. आवाज इतका, की माझ्या घरातली भांडी थरथरत होती.

सामना रंगात आला असताना सूयुन आईला सूप द्यायला गेली, तर पलंग रिकामा. ती धावत माझ्याकडे आली. आम्ही गल्ली पालथी घातली, देवळापर्यंत जाऊन आलो. परत येताना मी सहज वर पाहिलं, तर चौथ्या मजल्याच्या खिडकीतून उदबत्तीचा धूर येत होता.

मी थ्यानलूला दंडाला धरून सोफ्यावरून उठवलं. आम्ही वर पोचलो तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत होता. आई देव्हाऱ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या पायजम्याची मागची बाजू फाटून गेली होती. बसून बसून, एकेक पायरी मागे सरकत ती चढली होती.

थ्यानलू रडकुंडीला आला. म्हणाला, "आई, हाक मारायचीस ना. मी खालीच होतो."

"होतास ना," आई म्हणाली. "जिना तुझ्या सोफ्याच्या मागेच आहे. वळणापर्यंत प्रत्येक पायरीवरून मला तुझी पाठ दिसत होती."

मग ती बाबांकडे वळली आणि सूयुनच्या कालच्या सुपाबद्दल सांगायला लागली.

आई अजून वरच राहते. उतरायचं नाव काढत नाही. तिन्ही वेळचं जेवण थ्यानलूच वर नेतो, आणि खाली त्याने सोफा फिरवून जिन्याकडे तोंड करून ठेवलाय. टीव्ही चालू असतो, त्याच्या पाठीमागे.