चाचांच्या नावाचं पेज

आमच्या पेंटर लोकांत, म्हणजे आम्ही पाट्या आणि भिंती लिहिणारे, एक रीत होती. उस्ताद जिवंत आहे तोवर चेल्यानं भिंतीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायचं नाही. भिंत मी एकट्यानं लिहिलेली असली तरी खाली उजवीकडं नाव चाचांचंच, माझ्या उस्तादांचं. मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही. बारामतीपासून इंदापूरपर्यंत खताची दुकानं, डेअऱ्या, शाळा, देवळांच्या कमानी आम्ही लिहिल्या. चाचा लासुर्ण्याचे. जुम्म्याची नमाज पढून यायचे आणि मारुतीच्या देवळावर असा 'श्री' काढायचे की पुजारी आरतीचं ताट हातात धरून बघत राहायचा. ना पट्टी, ना दोरी. नुसता ब्रश आणि नजर.

पुढं फ्लेक्स आले आणि आमच्या पोटावर पाय आला. तेव्हा मी फोन घेतला आणि चाचांच्या उरलेल्या भिंतींचे फोटो काढत गावोगाव हिंडलो. ते ठेवायला एका फुकटच्या ॲपवर खातं उघडलं. नाव कुणाचं टाकायचं? रीत ती रीत. चाचांचं नाव टाकलं, चाचांचीच जन्मतारीख टाकली. फोटो तिकडं चढवले की फोनमधून पुसून टाकायचो, मेमरी भरायची ना! माझ्यासारखा शहाणा मीच.

आमच्या गल्लीतली कॉम्प्युटर शिकलेली एक मुलगी मला म्हणाली होती, "काका, ही जागा दुसऱ्याची हाय. कवा हाकलतील सांगता येत न्हाय. स्वतःची वेबसाइट करा, फोटो घरी पण ठेवा." मी म्हणालो, "फुकट चाललंय, तर कशाला नसती उठाठेव?" तिनं हात जोडले आणि गेली.

चाचा यंदा उन्हाळ्यात गेले. माती देऊन दोन-तीन दिवसांनी त्यांच्या मुलीनं मला बोलावलं. एकुलती एक मुलगी, मला भाऊ म्हणते. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरात भिंतीवर फोटो लावत न्हाईत. पण कबरीवर दगड बसवायचाय, चाळिसाव्या दिवशी. त्यावर अब्बांचं नाव अब्बांच्याच अक्षरात पायजे. दुकानाच्या पाटीवर होतं ना, तसंच."

पाटी रस्ता रुंद करताना मोडली होती, पण तिचा फोटो मी काढला होता. छाती ठोकून म्हणालो, "पोरी, काळजी सोड. पेजवर हाय. दगड आला की देतो काढून."

दगड यायला तीन आठवडे लागले. आला त्या दिवशी पेज उघडायला गेलो तर पेजच नाही. पासवर्ड टाकला, परत टाकला. शेवटी गल्लीतल्या त्या कॉम्प्युटरवाल्या मुलीच्या दारात गेलो. 'मी सांगितलं होतं' असं तिच्या तोंडून एकदाही आलं नाही, ते तर जास्तच लागलं. तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: खातेदार मयत आहेत, नातेवाइकांच्या विनंतीवरून खातं कायमचं काढून टाकलं आहे.

अरे, मी जिवंत आहे की! खातं मी उघडलं, फोटो मी काढले. पण पुरावा काय देणार? नाव माझं नाही, तारीख माझी नाही, आणि फोटोतल्या एकाही भिंतीवर माझं नाव नाही.

तणतणत लासुर्ण्याला गेलो. ओसरीवर उभ्याउभ्याच सुरू झालो. म्हणालो, कोण हा नालायक नातेवाईक, त्याला माझ्यापुढं उभा कर! चाचांची मुलगी खाली बसली.

"भाऊ, ते मीच बंद करायला लावलं."

दफन करून अकरा दिवस झाले आणि चाचांचा वाढदिवस आला. ॲपनं सगळ्यांना आठवण करून दिली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी केकची चित्रं पाठवली, 'शंभर वर्षं जगा' म्हणून. तिला ते बघवेना. पुण्याला असलेल्या दिराला सांगितलं, त्यानं कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला. "मला वाटलं, नुसतं नाव जाईल," ती म्हणाली. "अक्षरं त्यातच हायत हे मला कुठं ठावं?"

तिला कोणत्या तोंडानं बोलू? चूक माझी होती. पन्नाशी उलटलेला मी, तिच्या ओसरीवर बसून रडलो.

चाळिसाव्याला आठ दिवस उरले होते. चाचांच्या हातची एखादी भिंत अजून उरलीय का बघायला गाडी काढली. कळंबच्या डेअरीवर फरशी बसवलेली. पिंपळीत शाळेची भिंत नव्या रंगाची. कुठंकुठं तर भिंतच नव्हती. मग घरी बसून आठवणीनं चाचांचं नाव लिहिलं. वीस-बावीस कागद झाले. त्यातला बरा घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं कागद उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"हे चांगलं हाय भाऊ. पण हे अब्बांचं न्हाय. हे तुमचं हाय."

खरंच होतं. मग म्हणाली, "राहू द्या. तसाच बसवा." चाळिसाव्याला कोरा दगड बसला. लोकांनी विचारलं, नाव विसरले का?

आता माझी वेबसाइट आहे. गल्लीतल्या मुलीनं करून दिली. माझ्या नावावर आहे, नवे काढलेले फोटो घरीही ठेवतो. कुणी अक्षर काढणारा, चित्र काढणारा, गाणारा भेटला की मी त्याला आधी हेच सांगतो आणि लोक मला कंटाळतात. कंटाळू देत. तिथं चाचांच्या नावाचं एक पान ठेवलंय. लिहिलंय, कुणाच्या जुन्या फोटोत चाचांची पाटी आली असेल तर पाठवा.

आजवर एकच आला. लासुर्ण्यातली जुनी वरात. नवरदेव घोड्यावर, आणि त्याच्या मागं बरोब्बर चाचांचं दुकान. पाटीवरचं पहिलं अक्षर दिसतं, शेवटचं दिसतं. मधलं सगळं नाव नवरदेवाच्या पाठीमागं गेलेलं.

मी तो फोटो चाचांच्या मुलीला दाखवायला नेला. तिनं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला. मग बोटानं नवरदेवाला बाजूला सारू लागली. एकदा, दोनदा, परत परत.