मांजरीच्या वाट्याचा भात

आमच्या गौलीगुड्याच्या घरात पानात टाकणं म्हणजे पाप. त्यात वाढणारी माझी बायको! पुरे म्हटलं की आणखी एक मूद पडलीच म्हणून समजा. शेजारच्या कोठी भागातल्या डॉक्टरांनी माझी साखर बघून भात निम्मा करायला सांगितला, तेव्हा हिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी सोपी युक्ती काढली. वाढेल तेवढा भात घ्यायचा आणि निम्मा गुपचूप टेबलाखाली सारायचा.

टेबलाखाली आमची मांजरी असे. घर शाकाहारी, म्हणून तीही शाकाहारी. दहीभातावर वाढलेली मांजरी, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

माझी साखर उतरली. बायकोनं सगळं श्रेय मेथीच्या पाण्याला दिलं आणि मी लब्बाड गप्प बसलो. मांजरी मात्र भोपळ्यासारखी फुगली, सारखं पाणी पिऊ लागली. एके सकाळी तिला खिडकीवर उडी मारता येईना. मागच्या टाचा जमिनीला टेकवत ती फरफटत आली, तेव्हा आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आपल्या दखनी हिंदीत विचारलं, "इसकू शुगर है. क्या खिलारे?"

"दहीभात. चमचाभर," बायको म्हणाली.

आता गप्प राहिलो तर मांजरी हातची जाणार. "चमचाभर नाही," मी म्हणालो. "माझ्या पानातला निम्मा भात. दोन्ही वेळा."

मी बोलणी खायला मान खाली घातली, तर बायको पुटपुटली, "आणि माझ्याही पानातला." गुडघ्यांसाठी तिला वजन उतरवायचं होतं. पण मला आग्रह करून स्वतः कमी कसं जेवणार!

"चावल नक्को अम्मा, बिल्ली है. गोश्त खाती!" डॉक्टर ओरडले. आम्ही दोघं तिथंच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

मग मी रोज तिला इन्सुलिन टोचू लागलो आणि बायको नाकाला पदर लावून बाल्कनीतल्या शेगडीवर कोंबडी उकडू लागली. काही आठवड्यांनी जेवताना मांजरी टुणकन खिडकीवर चढली. आम्ही खरकट्या हातांनी टाळ्या पिटल्या.

बायकोनं भाताचा डाव उचलला. "पुरे?"

"पुरे."

लग्नानंतर पहिल्यांदाच तो डाव तसाच पातेल्यात परत गेला. मला इतकं भरून आलं की मी म्हणालो, "बरं, एक घास वाढ."

तो घास मी स्वतः खाल्ला.