चाकात अडकलेली लोकर

माउसचं चाक खाली फिरवलं की पडद्यावरचं पान वर पळायचं. दोन ओळी खाली, लगेच सात ओळी वर, मध्येच जागच्या जागी थरथर. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलंच बोट चुकतंय.

मी तेव्हा कडगंचीच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि प्रबंधाचं शेवटचं वाचन निवांत व्हावं म्हणून गावी, भालकीजवळच्या मेहकरला आले होते. मजुरीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखतींची टाइप केलेली चारशे पानं डोळ्यांखालून घालायची होती. लॅपटॉपवर बोट फिरवायची जागा कधीच निकामी झालेली, त्यामुळं सगळी भिस्त त्या वायरच्या माउसवर. बाजेवर बसायचं, शेजारी घडी घातलेली घोंगडी, तिच्यावर माउस, असं माझं आठवडाभर चाललं होतं.

आईवडील एका लग्नासाठी लातूरला गेलेले. घरी मी आणि आत्या दोघीच. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. आमच्या घरी मेंढरं होती तोवर लोकर कातायचं काम तिचं. पुढं मेंढरं विकली, वडील शेतीत रमले, आणि तिची टकळी थांबली. आता तिच्या एका डोळ्यानं काही दिसत नाही. दुसऱ्यानं धूसर दिसतं. वस्तू नाकाशी धरली तर रंग तेवढा कळतो.

"कामून चिडायलीस गं मघापासून?" तिनं दारातून विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"माउस बिघडलाय आत्या. खाली जा म्हटलं की वर जायलाय."

"मग वर जा म्हण त्याला."

मी हसले, पण पान काही ऐकत नव्हतं. शेवटी मी कडगंचीच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती इलेक्ट्रॉनिक्सची. मी म्हटलं, भालकीला जाऊन नवा घेऊन येते. ती म्हणाली, "आधी उघडून तर बघ. वायर काढ, खालचा कागद सोल, त्याच्याखाली स्क्रू असेल. चाकात काहीतरी अडकलंय, बघ तू."

शिलाई मशीनच्या डब्यातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. कागद सोलला तर खरंच तिथं स्क्रू होता. वरचं कवच कट्‌ असा आवाज करून सुटलं आणि मी आत पाहिलं.

इतकी वर्षं ज्याच्यावर बोट ठेवून बसले होते, ते चाक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून रबराची धाव आणि पोटात बैलगाडीच्या चाकासारखे आरे, पण सगळं मिळून चिंचोक्याहून थोडं मोठं. एका बाजूला पाण्याच्या थेंबासारखा काचेचा दिवा, दुसऱ्या बाजूला काळा मणी. आणि त्या आऱ्यांमध्ये गच्च गुंडाळलेला करडा गुंता.

मी सुईनं उकरायला लागले. गुंता निघेना, उलट तुटून आत बसायला लागला.

"दे इकडं," आत्या म्हणाली.

"आत्या, लई बारीक हाय ते. तुला दिसायचं न्हाई."

"दिसायला कशाला पायजे? दे."

मी चाक अलगद उचलून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं डोळे मिटले. अंगठा आणि पहिलं बोट आऱ्यांवरून एकदा सावकाश फिरवलं, मग उलट्या बाजूनं पुन्हा. गुंत्याचं टोक तिला कुठं सापडलं मला कळलंच नाही. माझ्या सुईला लागलं नव्हतं ते तिच्या नखाला लागलं. तिनं चाक धरून ठेवलं नाही. ते तिच्या बोटांत मागंपुढं फिरत राहिलं आणि गुंता धाग्यासारखा सुटत आला, न तुटता. पंधरा-वीस वर्षं तिच्या हातात टकळी नव्हती.

निघालेला धागा तिनं चिमटीत चोळला.

"ह्यो केस तुझा," असं म्हणत तिनं एक लांब केस बाजूला काढला. "आन् ही लोकर. कोकराची हाय, पयल्या कातरणीची. मऊ लागायलीय बघ."

"कशावरून?"

"हातावरून," ती म्हणाली आणि बाजेवरची घोंगडी चाचपली. "हिचीच हाय की. मीच कातलेली."

मी ती लोकर बोटात धरून पाहिली. मला केसात आणि तिच्यात काहीही फरक कळला नाही.

चाक जागेवर बसवलं, पण कवच लावायच्या आधी मैत्रिणीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "लावू नको अजून. वायर जोड आणि फोनचा पुढचा कॅमेरा त्या दिव्यावर धर."

तसा दिवा विझलेला दिसत होता. मी कॅमेरा नेला आणि फोनच्या पडद्यावर तो थेंब जांभळा होऊन उजळला. फोन हलवला, दिवा विझलेला. पुन्हा धरला, उजळलेला. बोटानं चाक फिरवलं तर तो जांभळा उजेड आऱ्यांआड लपत आणि दिसत राहिला. मैत्रीण सांगत होती की हा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. समोरच्या काळ्या मण्यात दोन डोळे आहेत, त्यातल्या कोणत्या डोळ्यापुढं आधी अंधार येतो त्यावरून माउसला कळतं, चाक खाली चाललंय की वर. लोकरीनं ते डोळे झाकले होते. माझ्या बोटाखाली इतके दिवस हे चालू होतं.

मी माउस मध्ये धरून फोन आत्याच्या नाकाशी नेला. "जांभळं दिसतंय का?"

"व्हय, दिसायलंय."

"ते आपल्या डोळ्याला दिसत न्हाई आत्या. फोनलाच दिसतं."

तिनं मान वर केली. "म्हंजे तुलाबी दिसत न्हाई?"

"न्हाई."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

ती खुदकन हसली, आणि हसतच राहिली. मी तिला इतकं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

कवच बसवलं, स्क्रू आवळला. पान खाली म्हटल्यावर खाली गेलं. मी घोंगडी उचलून माउसखाली जाड वही ठेवली. टीव्हीच्या रिमोटमध्येही तसलाच उजेड असतो हे मी आत्याला सांगितलं मात्र, ती रिमोट घेऊनच बसली. तेवढ्यात शेजारची काकू ताक मागायला आली.

"अक्का, बस हितं," आत्या तिला म्हणाली, "तुला एक दाखवते." आणि मला फोन धरायला लावून तिनं रिमोटचं बटण दाबलं. काकूनं फोनमध्ये पाहिलं, रिमोटकडं पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"अगं बया! कुठनं आला गं ह्यो?"

"हितंच हुता," आत्या म्हणाली. "दाब, तू दाबून बघ."

त्या दोघींनी माझा फोन तासभर दिला नाही. मी आत जाऊन वाचायला बसले.