उस्मानभाईंची प्रॉक्सी

"हितचिंतक या वर्षी नाहीत, सर. फक्त स्टाफ," प्राचार्य साळवे मॅडम चॅपलच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या. त्याच क्षणी फाटकात रिक्षा थांबली आणि तिच्यातून राबियाभाभी उतरल्या. मागोमाग त्यांची जाऊ, दोन सुना आणि शेजारची एक बाई. एवढी माणसं एका रिक्षात कशी मावली हे विचारू नका. सोलापूरची रिक्षा रबराची असते.

मी आमच्या कॉलेजचा पी.डी. म्हणजे फिजिकल डायरेक्टर. पगार प्राध्यापकाचा, काम हवालदाराचं. मैदान आखणे, पोरं पळवणे, मिरवणूक सरळ चालवणे, आणि माइक बंद पडला की माइकच्या जागी उभं राहणे. माझी हाक होटगी रोडपर्यंत जाते. वारा बरा असेल तर अक्कलकोटला लोक मागे वळून बघतात. आता निवृत्त झालोय, पण आवाज अजून सेवेत आहे.

आमचं कॉलेज लहान. मिशनऱ्यांनी लहान बांधलं, आम्ही ते लहानच ठेवलं. पण दरवर्षी नोव्हेंबरात तिथं एक गोष्ट होते, जी मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांना जमायची नाही. प्रभूमध्ये विसावलेल्या आमच्या माणसांची हजेरी घेतली जाते. प्राचार्य एकेक नाव पुकारतात. ज्यानं त्या माणसाला पाहिलंय तो उभा राहतो, "हजर" म्हणतो, आणि त्या माणसाबद्दल एक वाक्य सांगतो. एकच. कॉलेजात दुसऱ्याच्या नावानं "हजर" म्हणण्याला प्रॉक्सी म्हणतात. वर्षभर त्या गुन्ह्यासाठी आम्ही पोरांना वर्गाबाहेर काढतो. त्या एका दिवशी तीच प्रॉक्सी चॅपलमध्ये, पाळकसाहेबांच्या समोर, उभं राहून द्यायची. यात आधी स्टाफ, मग हितचिंतक. हितचिंतक म्हणजे ज्यांचं नाव आमच्या मस्टरवर कधीच नव्हतं, पण ज्यांच्यावाचून कॉलेज चाललं नसतं.

उस्मानभाई त्यातले पहिल्या नंबरचे. भवानी पेठेत राहायचे, पाण्याचा टँकर चालवायचे. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की सगळं शहर त्यांच्या नावानं हाका मारायचं. पण टँकर भरला की पहिली फेरी आमच्या मुलींच्या होस्टेलला. मोठे मोठे बंगलेवाले गाडी आडवी घालायचे. उस्मानभाई हॉर्न वाजवायचे आणि म्हणायचे, "पहले बच्चियाँ." टँकर इतका गळका की येण्याच्या वाटेवर दुतर्फा कडुलिंबाची झाडं उगवली. महापालिका म्हणते ती तिनं लावली. म्हणू दे.

ही गोष्ट घडली त्याच वर्षी उस्मानभाई रमजानच्या आधी गेले. मीच भवानी पेठेत जाऊन त्यांच्या बायकोला, राबियाभाभींना, निमंत्रण देऊन आलो होतो. जावेनं तिथंच तोंड वाकडं केलं होतं. चर्चमधी आपल्या माणसाचं नाव कोण घेतंय, म्हणे. भाभी म्हणाल्या, "घेतात. दरसाल घेतात. सरांनी सांगितलंय की." मग त्यांनी ते साऱ्या गल्लीला सांगितलं. आता गल्लीची प्रतिनिधी म्हणून जाऊ स्वतः हजर झाली होती.

मी मॅडमना बाजूला घेतलं. मॅडम नगरहून नव्यानं आलेल्या. हुशार बाई, शब्दाला पक्क्या. त्यांनी कॉलेजला इतकी शिस्त लावली होती की कॅन्टीनमधल्या माश्याही रांगेत बसायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. ट्रस्टचे सेक्रेटरी पुण्याहून आलेत, त्यांची परतीची गाडी आहे, कार्यक्रम वेळेत संपला पाहिजे.

"मॅडम, एकच नाव जास्त घ्या. उस्मान शेख."

"एक घेतलं तर बाकीच्यांनी काय पाप केलं, सर? नियम सगळ्यांना सारखा."

बाई बरोबर बोलत होत्या, हीच तर अडचण.

"आणि तुम्ही मध्येच उठून भाषण करणार नाही, असा शब्द द्या," त्या म्हणाल्या. माझी ख्याती नगरपर्यंत पोचलेली दिसत होती.

"भाषण करणार नाही," मी म्हणालो. शब्द दिला.

उपासना सुरू झाली. गीत झालं, शास्त्रवाचन झालं. मॅडमनी नावं पुकारायला घेतली. बॉटनीचे एक जुने सर होते, ज्यांना पाहून बाभळ काटे आत घ्यायची. त्यांच्यासाठी चौघं एकदम उठले. ग्रंथपालबाईंसाठी त्यांच्याच ओरड्याला घाबरून पदवीधर झालेली एक तहसीलदार उठली. सगळं मस्त चाललं होतं. राबियाभाभी तिसऱ्या बाकावर ताठ बसलेल्या. प्रत्येक नावाला त्यांचा श्वास थांबे आणि पुन्हा सुरू होई.

स्टाफ संपला. मॅडमनी कागद मिटला. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उठले. त्या शांततेत जावेचं कुजबुजणं मला स्पष्ट ऐकू आलं. "न्हाय घेतलं की गं."

"ठैर," भाभी म्हणाल्या. पण त्यांची मान खाली गेली होती.

"हजर!"

हे मी म्हणालो. मैदानाच्या आवाजात म्हणालो. वरच्या कौलांवरची कबुतरं उडाली, त्यातली काही अजून परतलेली नाहीत. सेक्रेटरीसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तो पाहण्याचा प्रकार मी दहावी नापासाच्या बापाच्या डोळ्यांत पाहिलाय.

"सर, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही."

"व्हय मॅडम. हजेरी लागली, नाव राहिलंय."

भाषण नव्हतं. शब्द पाळला होता. मॅडमची नजर माझ्यावरून तिसऱ्या बाकावर गेली आणि तिथं थबकली. कागद त्यांनी बाजूला ठेवला.

"ताई, नाव सांगाल?"

राबियाभाभी कधी माइकसमोर बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशीही त्यांना माइक लागला नाही. "उस्मान शेख," त्या म्हणाल्या. "पाण्याचे टँकरवाले."

मॅडमनी ते नाव माइकमधून, सावकाश, पूर्ण पुकारलं. "उस्मान शेख."

आता ऐका. होस्टेलच्या रेक्टरबाई म्हणाल्या, "हजर." त्यांच्यामागं होस्टेलात राहून शिकलेल्या आणि आता आमच्याकडेच शिकवणाऱ्या दोघी. मग एक डॉक्टरीण. मग बार्शीहून खास आलेली एक हेडमास्तरीण, ती म्हणाली, "परीक्षेच्या सकाळी डोकं धुवायला पाणी असायचं ते यांच्यामुळं." एकच वाक्य, नियमाप्रमाणे. ते ऐकून पाळकसाहेबांनी रुमाल काढला.

आणि मग गाडी रुळावरून घसरली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हजर." मॅडमनी विचारलं, "नाव?" उत्तर आलं, मंगळवेढ्याचे धनगर बिरामामा, ज्यांची मेंढरं दर स्पोर्ट्सच्या आधी मैदानावर खताला बसायची. पुढल्या पावसात त्या मैदानावर जे गवत उगवायचं त्यात आमची हॉकी टीम दोनदा हरवली होती. मग कॅन्टीनच्या नरसम्माचं नाव आलं. मग असे लोक आले की त्यांची नावं मलाही माहीत नव्हती. प्रत्येक "हजर"ला मॅडम नाव विचारत आणि ते नीट पुकारत. एकदाही त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी सुरुवातीला पाहिलं, नंतर तेही सोडलं. मला त्या बाईंचा त्या संध्याकाळी इतका अभिमान वाटला की मी सलग बराच वेळ गप्प बसलो. स्टाफमधले जुने लोक त्या गोष्टीची आजही साक्ष देतात.

बाहेर आल्यावर राबियाभाभी जावेकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, "अब गल्ली में तू बता."

सेक्रेटरीसाहेबांची गाडी अर्थातच चुकली. कॉलेजच्या जीपनं त्यांना कुर्डुवाडीला नेऊन तीच गाडी पकडून दिली. ड्रायव्हर सांगतो, जीप आधी पोचली आणि ते स्टेशनवर चहा पिऊन, वर पेपर वाचून गाडीची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी मेमो घ्यायच्या तयारीनं गेलो. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून हितचिंतक आधी, स्टाफ नंतर. तसं आता होतं, आणि कार्यक्रम रोज वेळेत संपणाऱ्या तासासारखा वेळेत संपतो. माझ्या धंद्यातल्या कुणाला कार्यक्रम आखायचा असेल तर एवढंच सांगतो: वेळ वाचवायचा असेल तर नावं घेऊन टाका. न घेतलेल्या नावाला फार वेळ लागतो.