खंडेनवमीची उदबत्ती आणि उत्तरेची हवा

आमचा विश्राम देवभोळा नाही, यंत्रभोळा आहे. सव्वीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवावर सांगते. स्क्रूड्रायव्हरला पाय लागला तरी नमस्कार करतो. खंडेनवमीला वॉलॉंगॉंगच्या आमच्या गराजमधला लॉनमोअरसुद्धा हळदकुंकू लावून घेतो.

हवा मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम. दर सहा आठवड्यांनी तीन विमानं बदलून तो ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, तिथल्या मूळ रहिवाशांच्या तीनशे माणसांच्या एका वस्तीत जातो. समोर समुद्रात खाणीचा माल न्यायला आलेली जहाजं आठ-आठ दिवस नांगर टाकून थांबायची. इंजिनं चालूच. दुपारी वारा समुद्रावरून फिरला की काजळी थेट घरात. तिथल्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या डोरीनआंटी समुद्राकडच्या दोरीवर पांढरं कापड वाळत घालत नसत. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीला त्या वाऱ्यात धाप लागायची.

चार वर्षं पत्रं लिहून आंटींनीच वस्तीसाठी हवा मोजणारं यंत्र मिळवलं होतं. वर्षभराचे आकडे निर्विवाद निघाले, तरच बंदराचं ऑफिस जहाजांची जागा लांब नेण्याचा विचार करणार होतं.

यंत्र बसवलं त्या दिवशी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे ओल्या पाल्याचा धूर करून त्याचं स्वागत करायचं ठरवलं. विश्रामने त्यांना अर्धा तास लेक्चर दिलं. धूर वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला करा, नळीत कणभरही जाता कामा नये वगैरे वगैरे. बिचाऱ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

बारा महिने भरायला एकच उरला होता आणि खंडेनवमी आली. साहेब नेमके तिथेच. यंत्राला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि केळ्यात उदबत्ती खोचून ठेवली, ती बरोबर हवा ओढणाऱ्या नळीखाली! डोळे मिटून हात जोडले. उघडून बघतो तर काजळीचा आकडा नऊवरून एकशे चाळीसवर.

मला फोन आला. "मेधा, मी माती खाल्ली."

आकडा तोपर्यंत बंदराच्या ऑफिसात पोचलासुद्धा होता. समोर जहाज उभं होतं, वारा समुद्रावरून होता आणि उदबत्ती कोणी पाहिली नव्हती. "गप्प बसलो ना, तर कोणाला डाउटपण येणार नाही," तो म्हणाला. "उलट आंटींची केस स्ट्राँग होईल. सांगितलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट जाईल, आणि त्यांचं अख्खं वर्ष कदाचित फुकट."

"मी इथे बसून काय सांगू?" मी म्हटलं. "ज्यांचं वर्ष आहे, त्यांना जाऊन विचार."

तो गेला. आंटी आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्याला त्याचंच लेक्चर हातवाऱ्यांसकट ऐकवलं. मग गंभीर झाल्या. "लिहून टाक," म्हणाल्या. "एक आकडा खोटा निघाला, तर ते सगळं वर्ष खोटं ठरवतील. माझ्या नातीची धाप खरी आहे. तिला खोट्याचा टेकू नको."

विश्रामने नोंदवहीत लिहिलं, 'दुपारी दोन दहा ते दोन पन्नास. टेक्निशियनने नळीखाली उदबत्ती लावली. चूक माझी. हे आकडे धरू नयेत.' उदबत्तीचं उरलेलं पाकीट आंटींनी जप्त केलं.

डिसेंबरात बंदराच्या ऑफिसने सभा घेतली. जहाजवाल्यांच्या तज्ज्ञाने नेमका तोच एकशे चाळीसचा आकडा पकडला. यंत्रच बिघडलंय, सगळी नोंद रद्द करा, म्हणाला. आंटींनी शांतपणे वही उघडली आणि त्या ओळी वाचून दाखवल्या. सभागृह हसलं. हसणं थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणत्या आकड्याबद्दल शंका आहे? एकाही आकड्याबद्दल नव्हती.

फेब्रुवारीत जहाजं दहा किलोमीटर लांब गेली. विश्रामला लेखी समज मिळाली, कॉन्ट्रॅक्ट मात्र टिकलं. आमची ईशानी अजून त्याला छळते, "बाबा, सिरियसली? अगरबत्ती? अंडर द सेन्सर?"

यंदा खंडेनवमीला मीही त्याच्याबरोबर गेले. त्याने यंत्राला फक्त एक फूल वाहिलं. आंटींनी वर्षभर जपलेलं पाकीट बाहेर काढलं, आधी वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि लांब पलीकडे आपल्या पायरीवर एक उदबत्ती लावली. "तुझ्या यंत्रासाठी," विश्रामला म्हणाल्या, "बाजू बरोबर आहे ना, mate?" विश्रामने मान डोलावली.

मला त्यांचे आभार मानायचे होते. त्या दिवशी त्यांनी गप्प बस म्हटलं असतं, तर माझा नवरा गप्प बसला असता, आणि ते त्याला जन्मभर खात राहिलं असतं. हे मला माहीत आहे. तसं बोलूनही दाखवलं. त्या "नो वरीज" म्हणाल्या आणि ओल्या पांढऱ्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ती समुद्राकडच्या दोरीवर वाळत घातली. शेजारी आधीच तीन होत्या.

त्या चादरींखालून त्यांची नात आरडाओरडा करत पळत होती. थोड्या वेळाने आमच्याजवळ येऊन धापा टाकत थांबली. मी दचकून आंटींकडे पाहिलं.

"पळून दमलीय," त्या म्हणाल्या.