खंडेनवमीला निघालेली केबल

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आजही नाही. माझा धंदाच संशय घेण्याचा आहे. खारघरच्या एका कंपनीत मी माहितीची सुरक्षा बघतो. जोखमीचं चारच प्रकारे काहीतरी करता येतं, हे टाय लावून लोकांना सांगतो – ती टाळा, कमी करा, दुसऱ्यावर सोपवा, नाहीतर स्वीकारा. एवढं सांगायला आम्हाला अख्खी दुपार लागते, मधे जेवणही असतं.

घडलं ते जुन्या पनवेलात, एसटी स्टँडच्या मागे, माझा मित्र हरेश म्हात्रेच्या फोटो स्टुडिओत. हरेशची आई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नांत धवले गाऊन विधी लावणारी. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज. तिचे धवले हरेशने पूर्वीच रेकॉर्ड करून ठेवले होते – एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी त्यालाच कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर. दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला आजीचाच आवाज लावायचा, हे ठरलेलं.

खंडेनवमीला सकाळी पूजेला गेलो. कॅमेरे, लाइट, कॉम्प्युटर, डिस्क, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. टेबलाभोवती रांगोळी. भिंतीवरच्या सीसीटीव्हीलाही हरेशने भक्तिभावाने कुंकू लावलं होतं... थेट काचेवर.

कॉम्प्युटर चालूच होता. डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता.

"हरेश, डिस्क काढून ठेव. व्हायरस आला तर दोन्ही प्रती एकदम जातील."

"पूजा मांडली ना आता? उद्यापर्यंत हात लावायचा नाय."

"मग इंटरनेट तरी बंद कर."

"त्यालापन पूजा केलीय."

"निदान विमा काढ!"

"विमेवाला आयचा आवाज परत देनार हाय का?"

टाळा, कमी करा, सोपवा – माझ्या तीन स्लाइड संपल्या. राहिला चौथा उपाय. तो आम्ही पेढ्याबरोबर स्वीकारला. हरेशने माझ्यासमोर शटर ओढून कुलूप लावलं. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात.

दसऱ्याला सकाळी त्याचा फोन आला. "दादा, ये. सगला गेला." एरवी तो मला 'साहेब' म्हणून चिडवतो.

पोचलो तेव्हा तो शटरबाहेर पायरीवर बसला होता. स्क्रीनवर खंडणीचा मजकूर. सगळ्या फाइली कुलूपबंद, पैसे दिले तरच उघडतील. पूजेच्या आधी मेलवर आलेली कुणाचीशी लग्नपत्रिका त्याने उघडली होती, तीच भोवली. "आयला काय सांगू?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी डिस्क बघायला वाकलो.

दिवा बंद होता. केबल काढलेली होती. नुसती निघालेली नव्हे, तर नीट गुंडाळून रबरबँड लावून डिस्कशेजारी ठेवलेली. डिस्कवरचं कुंकू जसंच्या तसं, फूलही जागेवर. रांगोळीची एक रेघ विस्कटलेली नव्हती, आणि ती ओलांडल्याशिवाय टेबलापर्यंत हात पोचत नाही.

"तू काढलीस?"

"देवाशप्पत नाय!"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून विश्वास बसला. ढिली केबल गळून पडू शकते, हे मान्य. पण ती स्वतःला रबरबँड लावून घेत नाही. सीसीटीव्ही तपासला. आदल्या दिवसापासूनचं चित्रण व्यवस्थित होतं – संपूर्ण लाल.

डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली. पहिली फाइल उघडली आणि त्या बंद दुकानात आईंचा आवाज भरला, खणखणीत. हरेश तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. मी तिथल्या तिथे तीन प्रती केल्या.

हळदीला तोच आवाज मांडवभर घुमला. आई नातीशेजारी बसून ओठ हलवत होत्या. मधेच त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे असेल. त्या कानाशी कुजबुजल्या, "आवाज बारीक कर रे, कान फुटतील पोरीचं."

केबल कुणी काढली, मला आजही माहीत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाहीच. फक्त हल्ली ऑफिसात बॅकअप झाला की मी डिस्क काढतो, केबल गुंडाळतो, रबरबँड लावतो. परवा एकाने विचारलं, रबरबँड कशाला?

"पॉलिसी आहे," म्हणालो. पॉलिसी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.