आईला ऐकू येईल असं

माझं स्वरयंत्र काढलं तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट चांगली केली. त्यांनी धीर दिला नाही. कॅन्सर आहे, आवाज जाणार, जीव बहुतेक राहील, एवढं सांगून ते मोकळे झाले. धीर द्यायला नातेवाईक होतेच. आमची निम्मी भावकी द्राक्षबागवाली. जो येई तो मला छाटणीचं सांगे. छाटली की बाग कशी जोमानं फुटते, तसंच समज म्हणे. गळ्याला भोक पडलेल्या माणसाला आता कुठून घड लागणार, हे विचारायला आवाज नव्हता. नाहीतर एकेकाला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी पिंपळगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारायचो. ट्रॅक्टरच्या रांगेतून पुढे मी, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि पार टोकाच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसालाही बोली ऐकू जायची. माइक कधी हातात धरला नाही. त्या आवाजावर माझं पोट होतं आणि त्याचा मला माजही होता.

खरी अडचण मात्र घरात होती. आईची नजर काचबिंदूनं पूर्ण गेलेली. बायको देवळाली कॅम्पला शाळेत शिकवते, सकाळी जाते ती दुपार टळल्यावर येते. तोवर घरात आम्ही दोघंच. मला बोलता येईना, तिला दिसेना. लिहून दाखवायची सोय नाही, खुणा करायची नाही. ती खाटेवरून हाक मारायची, "भाऊ, हायेस का?" मी टाळी वाजवायचो. सुरुवातीला ती त्या टाळीशी बोलत राहायची. पुढं टाळी ऐकून गप्प बसायला लागली. मग हाक मारणंच सोडलं.

मोबाइल लिहिलेलं वाचून दाखवतो म्हणून तेही करून पाहिलं. त्यातली बाई बँकेत नंबर पुकारतात तसं वाचायची. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं झालं आसंल तर माझ्या पोराला बोलवा." गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र आणलं, तर त्याची घरघर ऐकून तिनं माझा हात झिडकारला. यंत्र कपाटात गेलं. माझी आई माझ्या समोर बसून मला दुरावली होती, आणि मला जगण्यात काही राम वाटत नव्हता.

बायकोला ते कळलं असावं. आमच्या घरामागून पाट जातो. तिनं मला रोज सकाळी पाटावर पिटाळायला सुरुवात केली. "काय दिसलं ते लिहून आणा. संध्याकाळी आईंना वाचून दाखवते." चौथीतल्या पोराला द्यावा तसा गृहपाठ. मला तिचा संतापच आला. पण घरातली शांतता त्याहून वाईट होती, म्हणून पाठकोरे कागद खिशात घालून गेलो. बाभळीवर सुगरणीची घरटी होती, एक निळा खंड्या होता, उन्हाला केशरी रंग होता. सगळं लिहिलं. बायकोनं छान वाचलं.

आई म्हणाली, "लय रंग हायेत. मला काय करायचे रंग? आवाज कसा आला ते लिही ना."

दुसऱ्या दिवशी कान देऊन बसलो. आयुष्यभर माझ्याच आवाजापुढं मला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं. पाटाला पाणी सुटायचं होतं. कोरड्या पाटात आधी लांबून कुणी गोणपाट ओढत यावं तशी सरसर आली. पाणी पाला, काटक्या, प्लॅस्टिक पुढं ढकलत येत होतं. पाणी म्हणून त्याचा आवाज नव्हताच, होता तो कचऱ्याचा. मागून जरा वेळानं खळखळ आली, आणि टिटवी ओरडत उठली. मी ते चारदा खोडून लिहिलं.

त्या संध्याकाळी आई खाटेवर उठून बसली. सिन्नरकडं तिच्या माहेरी ती लहान असताना पाण्याची पाळी धरायला बापाबरोबर जायची, ते सांगत राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, कचरा लय बरोबर लिवला." लिलावात मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी आत जाऊन रडलो. रडतानाही माझा आवाज येत नाही.

मग रोज लिहू लागलो. पडसाद, पानगळ, पंपाची धडधड. देवळालीला लष्कराच्या सरावात तोफा उडतात, त्यांचं एकदा लिहिलं, तर आईनं हात उडवला. "ते मला हितंच ऐकू येतं. ते नको." ती परत हाका मारायला लागली होती. जेवण मात्र कमी होत चाललं होतं, आणि ती दिवसेंदिवस हलकी होत होती. ते आम्हा दोघा नवरा-बायकोला दिसत होतं.

एका संध्याकाळी वाचून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुझा आवाज कसा होता रं? मला आठवंना झालाय."

बायकोनं घाईघाईनं मोबाइलमधला माझ्या लिलावाचा जुना व्हिडिओ लावला. आईनं मान हलवली. "हा बाजारातला. घरातला कसा होता?"

घरातला कुणी कधी टिपून ठेवला नव्हता. मी पाटावर जाऊन बसलो. पाण्याचा, कचऱ्याचा, टिटवीचा आवाज मला लिहिता येत होता. माझा स्वतःचा येईना. बाजारातून आलो की उंबऱ्यातच चप्पल काढत मी "आई, चहा टाक" म्हणायचो. घसा बसलेला असायचा, शब्द अर्धे गिळलेले असायचे, आणि मी तिच्याकडे पाहतही नसायचो. तेवढंच लिहिलं.

बायकोनं ते वाचलं. आईनं हात पुढं केला, मी तिच्याजवळ बसलो. तिनं माझा गळा चाचपला, भोकावरच्या जाळीच्या रुमालाशी तिची बोटं थांबली. तिथून माझा श्वास तिच्या बोटांवर येत होता.

"नाय," ती म्हणाली. "आसा नव्हता. उद्या परत लिही."